ताईनं वाचलेले आकडे

माझ्या रायफलीची नळी झिजली, तेव्हा नवी बसवायचा सल्ला ताईनंच दिला. ती शहरात रामदासपेठेत राहायची आणि मी शहराबाहेर कोराडीच्या वसाहतीत. दर रविवारी ती गाडी घेऊन माझ्या दारात यायची, मग आम्ही दोघी मिळून रेंजवर जायचो. नेमबाजीत मी तिचंच बोट धरून आले होते. तिनं स्वतःची नळी मागच्याच वर्षी बदलली होती, त्यामुळे मी निर्धास्त होते.

नवी नळी बसली. गोळीचा वेग मोजायचं यंत्र ताईचं. मी पोटावर झोपून गोळ्या झाडायचे आणि ती मागे बसून आकडे वाचायची. पहिल्याच रविवारी आम्ही त्या वेगाला जुळणारी काडतुसं निवडली. पुढच्या रविवारी मी विचारलं, "ताई, वेग तोच आहे ना?"

"तोच आहे वं. टेन्शन नको घेऊ."

त्यानंतर दर रविवारी तेच उत्तर. हळूहळू गोळ्या वर-खाली पडायला लागल्या. ती म्हणाली, "तुहा श्वास चुकून राहिला." मी घरी श्वासाचा सराव करत राहिले.

संघाच्या निवड चाचणीत आम्ही दोघी उतरलो, पण जागा एकच होती. माझ्या गोळ्या उभ्या रेषेत पसरल्या. ताई निवडली गेली. मी तिला पेढा भरवला.

ती शिबिराला गेली आणि मी एकटीच रेंजवर गेले. तिथल्या एका ओळखीच्या नेमबाजानं त्याचं यंत्र लावून दिलं. पहिल्या गोळीचा आकडा ताईच्या आकड्यापेक्षा बराच वर होता. मला वाटलं, यंत्रच बिघडलंय. त्यानं स्वतःच्या रायफलीनं तपासलं. यंत्र ठीक होतं.

"नवी नळी सुरुवातीला वेग वाढवत जाते, मग तो एका जागी थांबतो," तो म्हणाला. "तोवर काडतुसं पक्की करायची नसतात, नाहीतर गोळ्या वर-खाली पडतात. कोणी मोजून नव्हतं राहिलं का?"

"मोजत होतं," मी म्हटलं.

ताई परतली त्या दिवशी मी रामदासपेठेला गेले. तिनं चहा ठेवला. मी उभ्याउभ्याच विचारलं, "काहून नाही सांगितलं, ताई?"

तिनं गॅस बारीक केला. "माहं हे शेवटचं वर्ष होतं वं. तुले अजून खूप संधी आहेत."

"मग तसं म्हणायचं होतं. मीच थांबली असती."

"थांबली असती?"

मला लगेच हो म्हणता आलं नाही. पण खोटं ती बोलली होती, आणि माझ्या पाठीमागे बसून बोलली होती. चहा न घेताच मी निघाले.

नळी आता स्थिर झाली आहे. काडतुसं मी नव्यानं निवडली आणि गोळ्या पुन्हा एका जागी पडायला लागल्या. रेंजवर बसनं रायफल नेणं जिकिरीचं, म्हणून रिक्षा ठरवली आहे. ताई कधीकधी शेजारच्या जागेवर असते. आम्ही मान हलवतो. माझे आकडे मी उठून स्वतः बघते. त्यात लय तुटते, गुणही जातात, पण दुसऱ्या कुणाला वाचायला सांगवत नाही.