पहिल्या हाकेला न उठणारा एल्क

"गेला! निघून गेला तो! मी त्याचं काय वाकडं केलं होतं?"

वॉल्टर आमच्या मीटिंग रूममध्ये उभा राहून ओरडत होता. तो साडेसहा फूट उंच होता आणि आमची मीटिंग रूम त्याच्यापेक्षा थोडीशीच मोठी होती. टेबलावर आम्ही बनवलेला इलेक्ट्रॉनिक डबा ठेवलेला. डब्याच्या स्क्रीनवरचा ठिपका आरामात उजव्या कोपऱ्यातून बाहेर चालला होता. तो ठिपका म्हणजे एल्क होता, आणि तो मी लिहिला होता.

ओरडून समाधान झालं नाही म्हणून वॉल्टरने बॅगेतून हातभर लांब प्लॅस्टिकची नळी काढली, तोंडाला लावली आणि एल्कच्या नराची आरोळी दिली. ही आरोळी ज्यांनी ऐकलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी एक जुना दरवाजा कुरकुरतो, आणि मग त्याच दरवाजात कुणाचं तरी बोट सापडतं. आमच्या शेजारी एका बँकेचं बॅक ऑफिस होतं. माणसं शिस्तीची. आगीचा भोंगा समजून त्यांनी कॉम्प्युटर लॉक केले, त्यांच्या फायर वॉर्डनने पिवळं जॅकेट चढवलं, आणि सगळे रांगेने जिना उतरून असेंब्ली पॉइंटवर उभे राहिले. त्यांना पाहून खालचे मजलेही उतरले. खोटं वाटेल, पण त्या दुपारी सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या त्या अख्ख्या इमारतीत तीनच माणसं उरली होती. वॉल्टर, आमचे बॉस मिस्टर टान आणि मी. मिस्टर टाननी खिडकीतून खाली पाहिलं आणि ब्लाइंड्स ओढून घेतले.

"अर्ली सीझन मोड कुणी लिहिला?" त्यांनी विचारलं.

"मी."

फोनला कॅमेरा आहे म्हटल्यावर लोक तो हातात मागून घेऊन बघायचे, त्या दिवसांतली ही गोष्ट. आमची कंपनी लहान होती. आम्ही परदेशी कंपन्यांसाठी छोटी इलेक्ट्रॉनिक यंत्रं बनवायचो, आणि त्यांच्या आतला प्रोग्राम माझ्याकडे असायचा. वॉल्टर अमेरिकेच्या डोंगराळ भागातला शिकारी. त्याला शिकाऱ्यांच्या सरावासाठी एक डबा हवा होता.

एल्क म्हणजे सांबराचा श्रीमंत चुलतभाऊ. घोड्याएवढा देह, डोक्यावर झाडाएवढी शिंगं. तो जंगलात शोधून सापडत नाही, त्याला हाक मारून बोलवावं लागतं. शिकारी टाळूला एक पातळ रबरी पट्टी चिकटवतात आणि तिच्यातून मादीचा आवाज काढतात, मांजराच्या पिल्लासारखा. नराची आरोळी काढायला ती नळी. शिकारीत यंत्राने हाक मारायला बऱ्याच ठिकाणी बंदी असते, म्हणून आमचा डबा नुसता घरी सराव करायला. तुम्ही हाक मारायची, डबा ऐकणार, आणि स्क्रीनवरचा नर ठरवणार की यायचं की नाही. थोडक्यात, या नराचं मन मी लिहिलं होतं. आयुष्यात एल्क पाहिलेला नसताना.

वॉल्टर आमचा सगळ्यात मोठा क्लायंट, आणि खरं सांगायचं तर एकुलता एक. तो गेला असता तर आमची टीम बंद. नोकरी गेली की एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे तिथे राहायचा परवाना, गेला. पास गेला की जुरोंग ईस्टचा फ्लॅट, मुलीची शाळा आणि बायकोने हप्त्यांवर घेतलेला दोन दारांचा फ्रिज, सगळं आवरून पुण्याला. मला त्या क्षणी सगळ्यात जास्त भीती फ्रिजची वाटली. तो लिफ्टमध्ये मावत नव्हता. वर कसा आणला होता ते कुणालाच आठवत नव्हतं.

नर का निघून गेला ते मिस्टर टाननी मला वॉल्टरला समजावून सांगायला सांगितलं. मी सांगितलं.

आरडाओरड्याच्या आधी वॉल्टरने डब्याला एकच हळू हाक मारली होती आणि तो गप्प बसला होता. चूक तिथेच होती. एका हाकेला कोण उठतं? आमच्या घरात सुजाता, म्हणजे माझी बायको, मला जेवायला पहिली हाक मारते तेव्हा कुकर नुकताच उतरलेला असतो. दुसऱ्या हाकेला मी "आलोच" म्हणतो आणि काम चालू ठेवतो. तिसऱ्या हाकेत माझं पूर्ण नाव येतं, आडनावासकट. तेव्हा मी उठतो. हे काही आमच्याच घरात नाही. आमच्या पुण्याच्या सोसायटीत पहिल्या हाकेला उठणारा माणूस आजारी समजला जायचा. मी प्रामाणिकपणे तेच लिहिलं होतं. पहिल्या हाकेला नर कान टवकारतो. दुसऱ्या हाकेला एक पाऊल टाकतो. तिसरी आली तर निघतो. नाही आली तर समजतो, काही विशेष नव्हतं, आणि आपल्या कामाला जातो.

वॉल्टरने नळी बॅगेत ठेवली. मग खाली बसला आणि हळू आवाजात बोलू लागला, जसं डॉक्टर वाईट बातमी सांगताना बोलतात. म्हणाला, अर्ली सीझन म्हणजे सीझनच्या सुरुवातीला नराच्या अंगात अजून मस्ती चढलेली नसते. त्याला भांडण नको असतं, गर्दी नको असते. आरोळी ऐकली की तो डोंगर बदलतो. सारखी हाक ऐकली तरी डोंगर बदलतो. एकदाच बोलवायचं, मऊ आवाजात, आणि गप्प राहायचं. तो आला तर आवाज न करता येतो.

"किती वेळ गप्प राहायचं?" मी विचारलं.

"आता काही उपयोग नाही असं वाटेपर्यंत."

"आणि मग?"

"मग आणखी तितकाच वेळ."

मिस्टर टान माझ्याकडे वळले. "कॅन ऑर नॉट?"

"कॅन," मी म्हणालो. सिंगापूरमध्ये 'जमेल की नाही' या प्रश्नाला 'जमेल' सोडून दुसरं उत्तर नसतं.

आतून मात्र माझा विश्वास बसेना. एकाच बोलावण्यात येणारा पाहुणा मी पाहिला नव्हता. प्रोग्राम लिहायला बसलो की हात आपोआप दुसरी हाक घालायचे. क्लायंट खूश राहावा म्हणून मी वॉल्टरला संध्याकाळी घरी जेवायला बोलावलं. एकदा नाही म्हणाला. मी चार वेळा बोलावलं. आला.

सुजाताने लिटिल इंडियातून अळूची पानं आणून अळूवड्या केल्या होत्या. वॉल्टरने दोन खाल्ल्या आणि छान आहेत म्हणाला. तिथून आमचं सुरू झालं. सुजाता म्हणाली, दोनच? मी म्हणालो, म्हणजे आवडल्या नाहीत. सुजाता म्हणाली, तिखट झाल्या असतील. मी त्याच्या ताटात आणखी तीन वाढल्या. त्याने खुर्ची थोडी मागे घेतली. सुजाताने दोन वाढल्या. तो आणखी मागे गेला. माझ्या डोळ्यांदेखत एवढा मोठा माणूस इंचाइंचाने बाल्कनीकडे सरकत होता. त्याची पाठ काचेला टेकली तेव्हा तो म्हणाला, पोट भरलं, आणि दोन्ही हात वर केले.

तेवढ्यात नाशिकहून सुजाताच्या बहिणीचा फोन आला. ती आत गेली, आणि तिच्या बहिणीचा फोन आला की ती लवकर बाहेर येत नाही. मला थोडा राग आला होता. खायचं नाही तर नको खाऊ. मी सोफ्यावर बसून पेपर तोंडासमोर धरला. अळूवड्यांची ताटली टेबलावर तशीच होती. कुणी काही बोलेना.

बराच वेळ गेला. पेपरच्या कडेवरून मला दिसलं, खुर्ची पुढे आली होती. आवाज न होता. मग आणखी पुढे. वॉल्टरने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. एक लांब हात ताटलीकडे आला, थांबला, आणि एक अळूवडी उचलून गेला. मी श्वास रोखून धरला. हात पुन्हा आला. सुजाता बाहेर आली तेव्हा ताटलीत नुसती तिळाची रांगोळी उरली होती आणि वॉल्टर आमच्या लग्नाचा अल्बम बघत होता.

तो गेल्यावर मी लगेच बसलो आणि सगळं पुन्हा लिहिलं. अंतर, थांबणं, कडेकडेने येणं, मान वळवून बघणं, सगळं त्या टेबलावरून उचललं. वॉल्टरला हे मी आजतागायत सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी टेस्ट. डब्याचा माइक तिखट होता, खोलीत कुणी बोललं तरी नर पळणार. मिस्टर टाननी स्वतःचा फोन ड्रॉवरमध्ये ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मलाही ड्रॉवरमध्ये ठेवता आलं असतं तर बरं झालं असतं. वॉल्टरने टाळूला पट्टी लावली, एक मऊ हाक मारली, आणि हात मांडीवर ठेवले.

ठिपका हलेना.

मी आयुष्यात झोपेतसुद्धा इतका गप्प राहिलेलो नाही. माझ्या घशात समजावणीची निदान वीस वाक्यं जमा झाली. पुण्याच्या बसस्टॉपवरची रांग दिसू लागली. त्या रांगेत माझ्या मागे फ्रिज उभा होता. तेवढ्यात दार उघडलं. शेजारच्या बँकेचा फायर वॉर्डन, कालच्या आवाजाची चौकशी करायला. त्याने तोंड उघडलं. वॉल्टरने एक बोट वर केलं. वॉर्डन तोंड उघडं ठेवूनच थांबला. तिकडे शिस्त फार.

चार माणसं एका ठिपक्याकडे बघत होती. मला वाटलं, आता काही उपयोग नाही. मग आणखी तितकाच वेळ गेला. ठिपका हलला. थांबला. कडेकडेने आला, पुन्हा थांबला, आणि सरळ टेबलाच्या, म्हणजे स्क्रीनच्या, मधोमध येऊन उभा राहिला.

"हा खरा आहे," वॉल्टर पुटपुटला. त्याचे डोळे ओले झाले होते. निदान मला तसं दिसलं. त्याच दिवशी त्याने पुढच्या दोन सीझनचं काम आम्हाला दिलं. वॉर्डनने आपल्या रिपोर्टमध्ये काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

मी धडा एवढाच घेतला, की बोलावणं पोचलेलं असतं. पुढचा वेळ पाहुण्याचा असतो, आपला नसतो.

संध्याकाळी एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, बेट ओलांडून घरी पोचलो आणि सुजाताला सगळं सांगितलं. पास वाचला, शाळा वाचली, फ्रिज जागचा हलणार नाही. तिला म्हटलं, तुला म्हणून शास्त्रातलं गुपित सांगतो. मऊ आवाजात एकदाच बोलवायचं आणि गप्प बसायचं, एवढं मोठं जनावर आपल्या पायांनी चालत येतं.

तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. कुकरचं झाकण काढलं.

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. "उद्यापासून जेवायला एकच हाक मारीन."