जाळीला धनी कोण?

गल्लीत तिला पाठीमागे सगळे 'कात्री' म्हणायचे. तोंडावर मात्र ताई. शाळांचे गणवेश शिवायचं तिचं दुकान गल्लीच्या सखल टोकाला होतं. पुढे शिलाई मशीनं, मागे कापडाचे तागे, आणि मागच्या दाराबाहेर नाला. नवरा गेल्यावर तिने हे दुकान एकटीने उभं केलं होतं. हात झपाट्याचा आणि जीभ त्याहून धारदार.

त्या वर्षी शाळा उघडायच्या तोंडावर नाल्याचं पाणी मागच्या दाराने आत घुसलं. शिवून, बटणं लावून, घड्या घालून ठेवलेले सदरे चिखलात बरबटले. पाऊस काही फार नव्हता. पुढे नाला रस्त्याखालच्या मोरीत शिरतो, त्या मोरीच्या तोंडाला लोखंडी जाळी होती. त्या जाळीत पिशव्या, फांद्या आणि कुणाची तरी फाटकी गादी अडकून बांधच तयार झाला होता.

"एवढंच ना, साफ करून घेऊ," म्हणत ती नगरपालिकेत गेली. तिथला साहेब सभ्य होता. म्हणाला, "ताई, नाला आमचा. पण जाळी मोरीला आहे. मोरी रस्त्याखाली, आणि रस्ता बांधकाम खात्याचा."

बांधकाम खात्यात तिचा सख्खा थोरला भाऊ इंजिनिअर होता. तिला हायसं वाटलं. दादाने चहा मागवला, टेबलावर नकाशा पसरला आणि चष्मा सारखा करत म्हणाला, "मोरी आमचीच गं. पण जाळी पुराच्या योजनेतून पाटबंधारेवाल्यांनी बसवली. आम्ही हात लावला तर ती कायमची आमच्या गळ्यात पडेल."

"पडू दे की! माझ्या गळ्याशी पाणी आलंय, दादा."

"तुला नाही कळायचं. हे असं नसतं."

चहा तसाच टाकून ती उठली. पाटबंधारे खात्यात सांगितलं, की जाळी बसवून कधीच नगरपालिकेच्या ताब्यात दिली आहे. नगरपालिका म्हणाली, दिली असेल, आम्ही घेतली नाही. तिच्या चपला झिजल्या, डोकं भणभणायला लागलं. दुकानात बसली की कापडाऐवजी साहेबांची तोंडं दिसायची.

शेवटी तिने इतकी भुणभुण लावली, की तिन्ही खात्यांचे साहेब एकदाचे एकत्र पाहणीला आले. तीन जीपगाड्यांनी गल्ली अडवली. पँटी वर दुमडून, नाकाला रुमाल लावून ते नाल्याकाठी उभे राहिले. पूर हा सगळ्यांचाच प्रश्न आहे, जबाबदारी वाटून घेतली पाहिजे, यावर त्यांचं एकमत झालं. ती कशी वाटायची, हे ठरवायला समिती नेमू, असंही ठरलं.

"समिती नको हो, एक लांब आकडी द्या," ती म्हणाली. "कचरा मी ओढते."

साहेब हसले. दादाही त्यांच्यात होता. तो हसला नाही, पण बोललाही नाही. याचा तिला जास्त राग आला.

पुढच्या मोठ्या पावसात पाणी मशीनच्या पायडलपर्यंत चढलं. तिने समोरच्या वेल्डरला हाक मारली. "काप ती जाळी."

"ताई, सरकारी आहे."

"कुठल्या सरकारची? तुला सापडलं तर मलाही सांग."

पाऊस ओसरल्यावर त्याने वरचे गज कापले, शेजाऱ्यांनी दोर लावून जाळी ओढून काढली. गडगड करत पाणी मोरीत गेलं. त्या दुपारी गल्लीने तिला डोक्यावर घेतलं. आठवडा उलटायच्या आत तिला नोटिसा आल्या. तिन्ही खात्यांच्या. प्रत्येकाचं म्हणणं एकच, तुम्ही आमच्या मालमत्तेचं नुकसान केलंत.

ती तडक दादाच्या घरी गेली आणि नोटिसा त्याच्या ताटाशेजारी आपटल्या. "बघ, त्या अनाथ जाळीला एकदम तीन बाप मिळाले!"

वहिनीला हसू आवरेना. दादाचा घास हातात राहिला. "चेष्टा करू नकोस. जाळी उगाच नव्हती. आता तो सगळा कचरा आत रस्त्याखाली जाऊन बसेल. तिथे माणूस पोचत नाही. मोरी तुंबली तर रस्त्यापलीकडची वस्तीही बुडेल."

हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग तिचा आवाज चिरकला. "हे त्या दिवशी का नाही सांगितलंस? तुमच्या तिघांतल्या एकाने अधूनमधून माणूस पाठवला असता, तर मी कशाला कापली असती?"

दादाने ताट बाजूला सारलं.

नोटिसांचं पुढे काही झालं नाही. खटला भरायचा तर जाळी नेमकी कुणाची, हे आधी ठरवावं लागलं असतं. नवी जाळी मात्र बसली. बांधकाम खात्याने बसवली, त्यासाठी दादाने बरीच खटपट केली. पण ती साफ कुणी करायची, हे समितीकडे गेलं, आणि समितीची बैठक दर वेळी कुणीतरी एक आला नाही म्हणून पुढे ढकलली जाई.

पुढच्या पावसाळ्याआधी एका रविवारी दादा गमबूट घालून, खांद्यावर आकडी घेऊन दुकानात आला. तिने वर न बघता विचारलं, "आज कुठल्या खात्यातर्फे?"

"सुट्टी आहे. कोणी बघायच्या आत चल."

दोघांनी सकाळभर जाळीतला कचरा ओढला. तिच्या मनातला राग गेला नव्हता. प्रत्येक ओढीबरोबर ती कुणा ना कुणा साहेबाचा उद्धार करत होती, आणि दादा निमूट ऐकत होता. मग त्याने गाळाचं भरलेलं घमेलं उचललं आणि तिथेच घुटमळला.

"काय झालं?"

"हा टाकायचा कुठे? काठ पाटबंधारेवाल्यांचा आहे."

तिने घमेलं त्याच्या हातातून हिसकावलं आणि काठावर उपडं केलं.