दोनशे बारावं पान

कट्टा गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या भाई मास्तरांनी आयुष्यात कधी स्वतःची चूक कबूल केल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. हा गुण वडिलोपार्जित. त्यांचे वडील आप्पा, तेही मास्तरच. घरात किल्ल्यांवरचा एक जाडजूड ग्रंथ होता, दोन खंडांचा. त्याच्या समासात आप्पांनी पेन्सिलीने लेखकाशी भांडण मांडलं होतं. 'साफ खोटे!' 'हा गृहस्थ विजयदुर्गास कधी गेला?' भाई मोठे झाले आणि निळ्या शाईने आप्पांशी भांडू लागले. आप्पा त्याखाली पुन्हा पेन्सिलीने त्यांना गाढव ठरवत. बापलेकांत बोलणं कमी, पण समास भरगच्च.

फक्त पहिल्या खंडाच्या दोनशे बाराव्या पानावर, शेवटच्या आजारात, आप्पांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'इथे भाईचे बरोबर.'

या तीन शब्दांवर भाईंचा जीव. त्यामुळे कपाटात कसर दिसली तेव्हा त्यांनी दोन्ही खंड तडक बाहेर काढले. फुटपट्टीने मापं घेऊन ते गंगाराम सुताराकडे गेले आणि दोन्ही खंडांना नेमक्या बसतील अशा दोन पेट्या सांगून आले.

गंगारामाने चाळीस वर्षं आंब्याच्या पेट्या ठोकलेल्या. हात सवयीने चालला. पेट्या मापात तंतोतंत, पण दर दोन फळ्यांमध्ये फट. तळाला कडुनिंबाचा सुका पाला.

"अरे, ह्यो काय हापूस आसा?" भाई कडाडले.

"मास्तर, बंद पेटयेत आंबो कुसता. पुस्तकाकय वारो व्हयो."

"तू माका शिकव नको!"

दुसरा खंड त्यांनी नाइलाजाने त्या पेटीत कोंबला. पहिल्यासाठी मात्र पुण्याच्या कारागिराकडून हवाबंद, आतून लाल मखमल लावलेली पेटी मागवली. पावसाळाभर ती उघडायची नाही, असा घरात हुकूम सुटला.

"बंद डब्यात बिस्किटां रवतत," बायको सरला म्हणाली. तिच्याकडे भाईंनी लक्ष दिलं नाही.

गणपती गेल्यावर त्यांनी दोन्ही पेट्या उघडल्या. फटींच्या पेटीतला खंड ठणठणीत. मखमलीतून मात्र कुबट वास आला आणि पुठ्ठ्यावर पांढरी बुरशी. भाई घाईघाईने दोनशे बारावं पान शोधू लागले. पानं एकमेकांना चिकटली होती. सरलाने त्यांच्या हातातून पुस्तक काढून घेतलं, अंगणात सावलीत ठेवलं आणि एकेक पान हलक्या हाताने सोडवलं. भाई घरात फेऱ्या मारत होते, बघवत नव्हतं.

"गावला," ती ओरडली.

बुरशीचा डाग 'बरोबर'च्या शेवटच्या 'र'पर्यंत येऊन थांबला होता. भाईंनी डोळे पुसले.  मग निळं पेन काढून त्यांनी आप्पांच्या ओळीखाली काहीतरी लिहिलं आणि पुस्तक पिशवीत घालून थेट गंगारामाकडे गेले. तिथे ते पान त्याच्यापुढे उघडून धरलं.

"काय लिवलेला आसा? माझो चष्मो घराक रवलो," गंगाराम रंधा थांबवून म्हणाला.

भाईंनी घसा खाकरला. "इथे गंगारामाचे बरोबर."

गंगारामाने रंधा खाली ठेवला, कान पुढे केला.

"परत एकदा वाचा बघया, मास्तर."

भाईंनी परत वाचलं.