बॅटरीच्या पाण्यावर घासलेला आरसा

मी सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होतो. कारखाना बीडपासून एसटीनं तासाभरावर. उसाच्या रसात साखर किती ते तपासायचं, हे माझं काम. लागोपाठ दोन वर्षं पाऊस झाला नाही. शेतात ऊस उरला नाही आणि दुसऱ्या वर्षी गाळपच होणार नाही असं जाहीर झालं. तरी आम्ही कायम माणसं रोज आठला जाऊन मस्टरवर सही करायचो. सही झाली की बसायचं. मी रस न लागलेल्या नळ्या पुसून ठेवायचो. अकरापर्यंत तेही संपायचं. घरी आलो की चपला काढायचाही कंटाळा यायचा. बायको विचारायची, "एवढं काय केलंत दिवसभर?"

त्या काळात एक गोष्ट मात्र रोज मिळत होती, ती म्हणजे साफ आकाश. मला तारे बघायचा नाद कॉलेजपासून. एका निवृत्त फौजी माणसाकडून घेतलेली दुर्बीण होती, दोन डोळ्यांची, साधी. कॉलनीतल्या कोरड्या टाकीच्या कठड्यावर कोपरं टेकवली की हात हलत नसे आणि गुरूचे चंद्र ठिपक्यांसारखे दिसत. शनीची कडी मात्र त्या दुर्बिणीतून दिसणं शक्य नव्हतं. त्याला मोठी दुर्बीण हवी, आणि तिचा आरसा हातानं घासता येतो असं मी पुण्याच्या एका हौशी मंडळाच्या पुस्तिकेत वाचलं होतं. रिकामा वेळ होताच.

बीडला स्टँडमागच्या गल्लीत चष्म्याच्या काचा घासणारे एक चाचा होते. माझा चष्मा त्यांच्याकडचाच. मी त्यांना म्हणालो, "चाचा, सहा इंचाची काच घासायचीय."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "एवढा मोठा डोळा कुणाचा हाय?"

मी पुस्तिका दाखवली. त्यांना मराठी नीट वाचता येत नव्हतं, पण आकृत्या त्यांनी बराच वेळ पाहिल्या. मोडीत निघालेल्या एका दुकानाच्या काउंटरची जाड काच त्यांच्याकडे पडून होती. तिच्यातून त्यांनी दोन गोल चकत्या कापून दिल्या. पुढच्या रविवारी स्वतः बसनं कॉलनीत आले आणि हात कसा फिरवायचा ते शिकवून गेले.

काम सांगायला सोपं. एक चकती पिंपावर पक्की बसवायची, तिच्यावर काच घासायची खरखरीत पूड आणि थोडं पाणी टाकायचं, दुसरी चकती वर ठेवून मागंपुढं घासायची. चार हात झाले की पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं, काच थोडी वळवायची. असं दिवसचे दिवस केलं की वरची काच मधून खोलगट होत जाते. तोच आरसा. मग त्याहून बारीक पूड, मग आणखी बारीक. पूड बदलताना मात्र काच, पिंप, हात, फडकी, सगळं लख्ख धुवावं लागतं. आधीच्या जाड पुडीचा एक कण जरी राहिला तरी ओरखडा येतो.

कॉलनीत टँकर दोन दिवसांनी यायचा. घरटी ठरलेल्या घागरी. मी ओट्यावर काच धुवायला बसलो की बादलीभर पाणी जायचं. मी ते आमच्या वाट्यातलंच घेत होतो, बायकोला विचारून, म्हणून त्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नव्हतं.

शेजारी बॉयलरवरच्या फिटरचं घर होतं. एका सकाळी त्याची बायको माझ्या ओट्यासमोर येऊन उभी राहिली. हातात राखेनं माखलेलं पातेलं.

"साहेब, एक विचारू? आमी भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसतो अन् तुमी काच धुता. कावून?"

आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. मी म्हणालो, "ताई, हे आमच्या वाट्याचं पाणी आहे."

"व्हय. तुमी दोघंच हाव. आमी सात जण हाय. वाटा सारखाच."

ती गेल्यावर मी आत आलो. बायको पीठ मळत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"त्या खोटं बोलल्या का?" तिनं विचारलं.

त्या दिवसापासून मी धुतलेलं पाणी फेकायचं बंद केलं. बादलीत तसंच ठेवायचं, गाळ खाली बसला की वरचं पुन्हा वापरायचं. आठवडाभर चाललं. मग बारीक पुडीवर घासताना एकदा हाताखाली कर्र असं झालं. काच उचलून उजेडात धरली. मधोमध तिरपा, बोटभर लांब ओरखडा. वापरलेल्या पाण्यातून एखादा जाड कण आला असणार. मी आरसा जुन्या धोतरात गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. राग आला नाही. उलट हायसं वाटलं. आता काही करायचं नाही, म्हणजे सुटलो.

चार महिने तो तिथंच होता. मी सही करून बसत होतो. फिटर पुण्याकडे काम शोधायला जाऊन रिकाम्या हातानं परत आला. टाकीवर जाऊन दुर्बीण धरायचाही उत्साह राहिला नव्हता.

चष्म्याची काडी तुटली म्हणून बीडला गेलो तेव्हा चाचांनी विचारलं, "आरशाचं काय झालं?" मी सगळं सांगितलं, ताईंचं बोलणंसुद्धा. चाचा काडी बसवत ऐकत होते.

"बाई खरं बोलली," ते म्हणाले. मग उठले, शेजारच्या बॅटरीच्या दुकानात गेले आणि तिथून एक प्लास्टिकची बाटली घेऊन आले. "हे बॅटरीत घालायचं पानी हाय. कुनी पीत न्हाई. कुनाच्या घागरीतलं न्हाई. अन् साफ लई, यात कन मिळायचा न्हाई."

"पण धुवायला पुरणार कसं?"

"धुता कावून? आधी सुक्या कागदानं पुसा. मग ओल्या फडक्यानं. फडकं फेकून द्या, दुसरं घ्या. आमी दुकानात असंच करतो. तुमाला पानी वतायची सवय लागलीय."

त्यांनी ओरखड्याबद्दलही सांगितलं. तो झाकता येणार नव्हता. दोन पायऱ्या मागं, जाड पुडीवर जाऊन सगळं पुन्हा घासावं लागणार होतं. मी म्हणालो, "चाचा, माझ्यात आता दम नाही."

"मग रविवारी मी येतो. तुमी नुसते बसा."

ते खरंच आले. पिंपापाशी उभे राहून तासभर घासत राहिले. कपाळावरून घाम गळत होता आणि मी खुर्चीत. शेवटी लाज वाटून मी उठलो. पुढं आम्ही आळीपाळीनं घासलं. उरलेलं सगळं काम बॅटरीच्या मोजक्या बाटल्यांवर झालं. शेवटची झिलई राळेच्या मऊ थरावर, चष्मेवाले वापरतात त्या गुलाबी भुकटीनं. आरसा डालड्याच्या डब्यात कापसात घालून मी पुण्याला नेला आणि चांदीसारखा मुलामा चढवून आणला. नळी म्हणून शेतातल्या पाइपलाइनचा जाड पाइप. बघायची काच प्रयोगशाळेतल्या बाद झालेल्या सूक्ष्मदर्शकाची, ती साहेबांना विचारून घेतली. खालची बैठक सुतारानं खोक्यासारखी करून दिली.

पहिल्यांदा ती मांडली कारखान्याच्या मैदानात, जिथं हंगामात उसाच्या गाड्यांची रांग लागायची. दिवेलागण नुकतीच झाली होती. कॉलनीतली बरीच माणसं आली. चाचाही बीडहून आले होते. मी त्यांना पुढं बोलावलं तर म्हणाले, "आधी ताईंना बघू द्या."

ताईंनी पदर कानामागं खोचला आणि वाकल्या. अर्धा चंद्र होता.

"खड्डेच हायत नुसते," त्या म्हणाल्या. डोळा न काढताच पुढं, "तिथं बी पानी न्हाई म्हना."

माणसं हसली. त्या बाजूला झाल्या आणि हळू आवाजात मला म्हणाल्या, "त्या दिवशी मी लई बोलले."

"बरोबर बोललात."

"व्हय, बोलले ते बरोबरच," त्या म्हणाल्या.

मग शनी लावला. चाचा बराच वेळ वाकून राहिले. मला वाटलं, कड्यांबद्दल काही बोलतील. ते सरळ होत म्हणाले, "कडा साफ आल्यात. काच चांगली बसली." आणि शेवटची बस चुकेल म्हणून स्टॉपकडे निघाले.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, पण ऊस वाढायला वर्ष लागतं आणि कारखान्यात तेवढा जीव उरला नव्हता. तो चालवायला दुसऱ्यांकडे गेला. त्यांनी त्यांचे केमिस्ट आणले. मी बीडला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. चाचा गेले तेव्हा मला आठ दिवसांनी कळलं. फिटरचं कुटुंब चाकणकडे गेलं, त्यांचा पत्ता माझ्याकडे नाही.

कुणाकुणाकडून माझा नंबर घेऊन लोक अजून फोन करतात. कोणती दुर्बीण घ्यावी? मी तेच तेच सांगतो. आधी वर्षभर नुसत्या डोळ्यांनी बघा, मग दोन डोळ्यांची साधी दुर्बीण घ्या, कोपरं टेकवायला जागा शोधा. बहुतेकांना हे ऐकायचं नसतं. त्यांनी दुर्बिणीचं खोकं आधीच मागवलेलं असतं, वर पाचशेपट दिसेल असं छापलेलं. मलाही सांगायचा उबग येतो. कधीकधी फोन वाजू देतो.

गेल्या महिन्यात चकलांब्याहून एक नर्सबाई तसंच खोकं घेऊन घरी आल्या. आठवडाभर खटपट करूनही त्यांना काहीच दिसलं नव्हतं. ड्युटीवरून थेट आलेल्या, चेहरा पार उतरलेला. मी त्यांना पाचशेपटीची काच खिशात ठेवायला सांगितली आणि सगळ्यात कमी मोठं दाखवणारी काच लावली. नळीवर नेम धरायला छोटी दुर्बीण असते, ती दिवसाउजेडीच जुळवावी लागते. आम्ही गच्चीवर गेलो, लांबच्या मोबाइल टॉवरच्या टोकावर मोठी नळी धरली आणि छोटीचे स्क्रू फिरवत तेच टोक तिच्या मधोमध आणलं. त्याला अर्धा तास लागला. माझे गुडघे दुखत होते. त्या पायरीवर बसून होत्या, मधूनमधून डोळे मिटत होत्या.

अंधार पडला तेव्हा चंद्र वर आलेला होता. त्यांनी तो छोटीच्या मधोमध आणला आणि वाकून मोठ्या नळीला डोळा लावला. मग म्हणाल्या, "सर, हे हलतंय. सरकून चाललंय."

"पृथ्वी फिरतीय," मी म्हणालो. "नळी हळूहळू चंद्राच्या मागं न्या."

त्यांनी नळी हळूच सरकवली. मी खुर्ची ओढून बसलो.