भर चर्चमध्ये ‘लगोरी!’

भर चर्चमध्ये माझ्या अंगावर चेंडू फेकणाऱ्या आमच्या सुशीलाबाई आज सकाळी गेल्या.

वय ब्याण्णव. रडू येतंय, पण खरं सांगू? त्याहून जास्त अभिमान वाटतोय.

सत्तरच्या दशकातलं नागपूर. आमच्या वस्तीतलं छोटं चर्च आणि मागच्या अंगणात बाईंचं संडे स्कूल.

माशाने गिळलेल्या योनाची गोष्ट असली की बाई बाज टाकायच्या. बाजेखाली माशाचं पोट. तीन दिवसांऐवजी तीन मिनिटं गप्प पडून राहायचं.

मी एकदा चक्क झोपले.

पाठांतराची मात्र लगोरी असायची.

फुटक्या कवेलूचे, म्हणजे कौलाचे, सात तुकडे. प्रत्येकावर खडूने बायबलमधल्या वचनाचे दोन-तीन शब्द. चेंडूने लगोरी फोडायची आणि वचन मोठ्याने म्हणत, त्याच क्रमाने परत रचायची. तोवर समोरची टीम चेंडू मारणार. चुकलात की आऊट.

चर्च कमिटीच्या एका काकांना हे अजिबात पटत नव्हतं.

“बाई, हे देवाचं वचन आहे. पोट्ट्यायचा खेळ नाही.”

“भाऊ, खेळून राहिले म्हणून तं त्यायच्या ध्यानात राहून राहिलं!”

“असं? मंग नाताळच्या प्रोग्रामले मी सांगीन ते पोरगं उभं राहीन. अडकलं, तं वर्ग दुसऱ्या बाईले देऊ.”

बाईंना ना नवरा, ना मूल. रविवारचा तो एक तास म्हणजे त्यांचं सगळं होतं. हे आम्हा पोरांनाही कळत होतं.

नाताळला काकांनी नेमकं मला उठवलं. वय वर्षं नऊ, वर्गातला कच्चा लिंबू.

तेविसावं स्तोत्र. अख्खं.

अर्ध्यावर गेले आणि डोकं कोरं. समोर सगळं चर्च, पहिल्या बाकावर काका. माझ्यामुळे बाईंचा वर्ग जाणार, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात बाईंनी पिशवीतून चिंध्यांचा चेंडू काढला आणि नेम धरून फेकला.

“काहून थांबली वं? रच ना लवकर!”

चेंडू खांद्याला लागला. मी खाली वाकले, हात आपोआप हवेत तुकडे रचू लागले आणि शब्द धडाधड बाहेर पडले. शेवटपर्यंत. एकही चूक नाही.

आणि ‘आमेन’ म्हणायचं सोडून मी ओरडले, “लगोरी!!”

आधी पाळकसाहेब हसले, मग सगळं चर्च हसलं.

काका सोडून.

पुढे अनेक वर्षांनी मी पुस्तक हातात न घेता तेच स्तोत्र माझ्या आईच्या उशाशी म्हटलं, तिच्या शेवटच्या दिवशी. एक शब्दही हलला नाही. बाईंनी मला काय दिलं, ते त्या दिवशी कळलं.

पण त्या नाताळनंतरचा रविवार सांगायचा राहिला.

काका अंगणात आले. सोबत सहा वर्षांची नात.

“बाई... ही एका जागी बसतच नाही. इले बी घ्या तुमच्या वर्गात.”

बाईंनी तिच्या हातात खडू दिला फक्त.

बाईंचे गुडघे थकल्यावर वर्ग त्याच नातीने हातात घेतला. आज तिच्या वर्गात माझी नात जाते.

दुपारी चारला दफनविधी आहे. ओळखीच्या सगळ्यांनी या.

बाई, तुमचा वर्ग कोणी काढून घेतला नाही.

निवांत जा.