आमराईत हातात आलेली परडी

आमच्या सासूबाई येरमाळ्याच्या येडाई देवीच्या आराधीण. गळ्यात कवड्यांची माळ, हातात देवीची परडी, आणि दर मंगळवारी-शुक्रवारी दारोदार जोगवा. मी मात्र सातवी पास होऊन आलेली सून. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती, मराठी शाळा नव्यानं निघत होत्या, आणि जूनपासून मला गावातल्या मुलींच्या शाळेवर घेणार होते. मास्तरीण म्हणून मिरवायची मला लई हौस होती, उगीच लपवू कशाला!

चैत्री पुनवेला येरमाळ्यात सगळ्या आराध्यांचा मेळा भरतो. गावोगावचे लोक संबळ घेऊन येतात, वर्षभराचं सुखदुःख बोलून घेतात. पालखी आमराईकडं निघाली की रानातले चुनखडीचे खडे वेचून तिथल्या ढिगावर टाकायचे. त्याच चुन्यानं देऊळ पांढरं करतात.

त्या वर्षी मीही खोचलेल्या पदरात खडे वेचत होते. ऊन मी म्हणत होतं. शेजारी सासूबाईंना भोवळ आली, परडी हातातून निसटली. मी एका हातानं त्यांना सावरलं आणि दुसऱ्या हातानं परडी धरली. परडी भुईला टेकू द्यायची नसते, एवढंच मला ठाऊक. ती दुसऱ्याच्या हातून घेतली की आपणही आराधीण झालो, हे मला कोण सांगणार?

"सुनंनं परडी घेतली," एक बाई म्हणाली. झालं! संबळ आमच्याभोवती आला. कुणीतरी माझ्या कपाळभर मळवट भरला. शाळा गेली, आता जन्मभर जोगवा. परडी तिथंच आपटावी इतका राग आला होता, पण तेवढं धाडस कुठलं!

मेळ्यातली सगळ्यांत थोरली आराधीण माळ घेऊन पुढं आली. तोवर सासूबाई पाणी पिऊन उठल्या होत्या. त्यांनी माळेला हात आडवा घातला.

"थांबा आक्का. आदी तिला इचारा."

"देवीनंच दिल्यावर इचारायचं काय?"

"म्या परकरात हुते तवा मला माळ घातली. कुणी इचारलं न्हाय. हिला इचारा."

थोरली स्वतःच्या माळेतल्या कवड्या चाचपत राहिली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "घ्यायची का गं पोरी?"

"न्हाय," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं.

तिनं परडी माझ्या हातून काढून सासूबाईंच्या हातात दिली. संबळ पालखीमागं निघून गेला. मी आंब्याखाली बसकण मारली आणि सुटले, सुटले म्हणत पोटभर रडून घेतलं. इतकं हलकं मला लग्न झाल्यापासून वाटलं नव्हतं.

सासूबाई शेजारी टेकल्या. "पुस डोळे. खडे राहिलेत पदरात. ते माळ नसणाऱ्यांनी बी टाकायचे असत्यात."

दोघी उठलो. ढिगापाशी मी भीत भीत विचारलं, "आत्याबाई, तवा तुम्हाला विचारलं असतं तर?"

त्यांनी हातातला खडा ढिगावर टाकला, परडी नीट धरली.

"व्हयच म्हनले असते," त्या म्हणाल्या. "पर ते म्याच म्हनले असते."