ठेवायचं काय, ते आधी सांगा

“बदलायचं काय ते मंग सांगजा. ठेवायचं काय, ते आधी सांगा!”

कोणाच्याही घरात पाऊल टाकलं की ताई एवढं बोलायच्या, पदर कमरेला खोचायच्या आणि कॅमेऱ्याकडे सपशेल पाठ करून भिंती पाहायला लागायच्या. मी मागून ओरडायचो, “ताई, इकडं पाहा जी! लोकांले तुमचा अंबाडाच दिसून राह्यला!”

“लोकांले घर दाखव. मले पाहून कोणाचं घर सुधरते?”

तुमच्यातले जे आर्वीकडचे आहेत, त्यांनी ताईंना एव्हाना ओळखलंच असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्या इथल्या केबलवर रविवारी सकाळी ‘घराची कळा’ नावाचा कार्यक्रम लागायचा. कोणाची तरी एक खोली घ्यायची आणि दुकानदाराने दिलेल्या रंगात, घरातल्याच सामानात ती सुधारून दाखवायची. सुधारणाऱ्या ताई, आणि कॅमेरा धरणारा मी. एरवी मी लग्नाच्या शूटिंगवर पोट भरणारा माणूस. ताई शाळेत शिवण शिकवायच्या. टीव्हीवर यायचं म्हणून त्यांनी कधी पावडर लावली नाही, पण पडदे कापायची कात्री मात्र घरून रुमालात गुंडाळून आणायच्या. दुसऱ्याच्या कात्रीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

त्यांची घर पाहायची तऱ्हाच निराळी होती. आधी त्या भिंतीवरचे तेलाचे डाग शोधायच्या.

“इथं रोज कोणी तरी डोकं टेकून बसते. कोण व?”

घरातली सून लाजायची. “मीच जी. दुपारचं काम आवरलं का.”

“मंग खिडकी हिच्यासमोर पाह्यजे. बसल्या जागी वारा लागला पाह्यजे पोरीले.” आणि सगळ्या खोलीची मांडणी त्या डागापासून सुरू व्हायची. मला तेव्हा हसू यायचं. नंतर माझ्या घरी बायको कुठे टेकून बसते ते मी पाहिलं, तर नेमकी चुलीच्या धगीसमोर. त्याच आठवड्यात तिची जागा बदलली.

कारंजा घाडग्याच्या एका ढाबेवाल्याने घरी चमचमत्या दिव्यांचं छत ठोकून घेतलं होतं आणि आता मे महिन्यात त्याखाली सगळं घर उकडून निघत होतं. ताई वर बघत म्हणाल्या, “बाप्पा! भाऊ, तुमी घरात राह्यता का लग्नाच्या हॉलात?” तो बिचारा हिरमुसला. मग ताईंनी अर्धं छत उतरवलं, कूलर दुसऱ्या खिडकीत नेला आणि उरलेले दिवे त्याच्या म्हाताऱ्या आईच्या खाटेवर लावून दिले. म्हातारी म्हणाली, “आता मी राणीवानी झोपतो.” ढाबेवाल्याने आम्हाला शेवभाजी खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही.

पण सुरुवातीला सांगितलेलं ते वाक्य त्यांच्या तोंडी पहिल्यापासून नव्हतं. ते आलं सिंदी रेल्वे नावाच्या गावाहून.

झालं असं की नागपूरच्या एका वाहिनीला आमचा कार्यक्रम आवडला. तिथले साहेब म्हणाले, एक भाग आमच्या पद्धतीने करून दाखवा. जमला तर कार्यक्रम साऱ्या महाराष्ट्रात दिसेल. ताई हरखून गेल्या. त्या वरून कितीही ‘मले काय त्याचं’ म्हणाल्या तरी त्यांना ते फार फार हवं होतं. शाळेतल्या बायांना त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं.

साहेबांची पद्धत अशी, की घरमालकाला बाहेर पाठवायचं, घर पालटायचं आणि डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला परत आणायचं. आमच्याकडे तर घरची बाई शेवटपर्यंत मध्ये मध्ये करायची, चहा द्यायची, भांडायचीसुद्धा. ताईंना हे पटलं नव्हतं, पण त्यांनी हो म्हटलं. सिंदीला एक मावशी एकटी राहायची. तिला भावाकडे पाठवलं आणि आम्ही आतून-बाहेरून घर रंगवलं. दाराशेजारचा शेवटचा हात ताईंनी स्वतः मारला.

दुसऱ्या दिवशी मावशीची पट्टी सोडली. तिने नवे पडदे पाहिले, निळी भिंत पाहिली. मग ती परत अंगणात आली, दाराच्या डावीकडची भिंत चाचपायला लागली आणि एकदम हमसून रडली.

“काऊन रडता, मावशी?”

“माई मंदा इथं होती व, बाई.”

आमच्याकडे घरात लग्न निघालं की पेंटर बोलावून दाराशेजारी गणपती, कळस आणि नवरा-नवरीची नावं काढतात. पुढचं लग्न आलं की जुनी पुसून नवी काढायची. म्हणून त्या विटक्या नावावरून रंग फिरवताना आमच्यातल्या एकाचाही हात अडखळला नाही. पण मावशीला ती एकच लेक. लग्नानंतर वर्षभरात आजारपणात गेली. त्या घरात आता दुसरं लग्न व्हायचंच नव्हतं.

“रोज सडा टाकताना पाहत होती मी तिले,” मावशी म्हणाली.

साहेब मात्र खूश! माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “क्या बात है! चालू ठेव. बोलणं काढून टाकू, वर म्युझिक लावू. आनंदाश्रू!”

ताईंनी ते ऐकलं. “साहेब, हे आनंदाचे नोहोत.”

“प्रेक्षकांना काय कळतंय, मॅडम?”

“मले कळते नं.”

मग ताई वळल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच थेट कॅमेऱ्याकडे पाहून बोलल्या. “या मावशीले न इचारता मी तिच्या लेकीचं नाव पुसलं. माया हातानं पुसलं. चूक माई आहे.” साहेब ‘बंद कर, बंद कर’ म्हणत होते. मी काही बंद केला नाही.

ताईंनी बादली मागितली. आमचा डिस्टेंपर अजून कच्चा होता आणि खालचं नाव ऑइल पेंटचं. ओल्या फडक्याने घासता घासता आधी गणपतीची सोंड दिसली, मग अक्षरं. मावशीनेही पदराचं टोक भिजवलं आणि ती ताईंच्या शेजारी घासायला लागली. ‘मंदा’ पुरतं दिसलं, तेव्हा साहेबांची गाडी केव्हाच नागपूरच्या रस्त्याला लागली होती.

परतताना एसटीत मी विचारलं, “ताई, वाईट वाटलं का?”

“वाटलं नं! लय वाटलं. काऊन नाई वाटणार?” त्यांचे डोळे भरले. “नागपूरसाठी साडीबी घेऊन ठेवली होती रे, भाऊ.” मग नाक पुसून म्हणाल्या, “जाऊ दे. तुया पोरीच्या लग्नात नेसतो.” आणि खरंच नेसल्या.

तो भाग आम्ही आर्वीच्या केबलवर जसाच्या तसा दाखवला. त्यानंतर ताईंना घरोघरून बोलावणी यायला लागली आणि ते वाक्य त्यांच्या तोंडी कायमचं बसलं. पुढे लोक मोबाइलमध्ये गेले, केबल थंडावली, कार्यक्रमही संपला. आणि गेल्या हिवाळ्यात ताई गेल्या. असं माणूस पुन्हा होणे नाही, हे मी साऱ्यांसमोर सांगतो.

परवा त्यांच्या मुलाने घर रंगवलं म्हणून मला चहाला बोलावलं. सगळं घर नव्या रंगाने लखलखत होतं. फक्त खिडकीसमोरच्या भिंतीवर, खाली बसलेल्या बाईचं डोकं टेकेल एवढ्या उंचीवर, तेलाचा एक काळपट डाग होता. त्याच्या भोवतीने रंग जपून फिरवलेला.

“हे तू सोडायला सांगितलंस?” मी विचारलं.

“सांगितलं मीच, काका. पण मले कुठचं सुचते? पेंटरनंच आल्या आल्या इचारलं, बदलायचं काय ते मंग सांगजा, ठेवायचं काय ते आधी सांगा.”

मी चहाचा कप घेऊन त्या डागाशेजारी खालीच बसलो. समोरच्या खिडकीतून वारा बरोबर तिथेच येत होता.